पहिली नस संपावर

दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याच्या बुडाचा कोळसा झाला, आणि हे सगळं होत असताना मी त्याच खोलीत, पातेल्यापासून चार हातांवर, शांतपणे वाचत बसलो होतो. बायको बाहेरून आली ती दारातूनच ओरडत. "अहो, नाक आहे की नाही तुम्हाला?"

मी आरशात पाहिलं. होतं. जागच्या जागी आणि पूर्वीइतकंच मोठं.

सर्दी जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. श्वास मोकळा, घसा स्वच्छ, फक्त वास नाही. सर्दीत वास जातो हे मलाही माहीत होतं. सूज येते, वाट तुंबते, हवा वरपर्यंत पोचतच नाही. पण आता वाट उघडी होती. म्हणजे रस्ता साफ होता, मुक्कामालाच कुलूप होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घातली आणि पहिल्याच वाक्यात माझ्या नाकाचा अपमान केला. "हे जे बाहेर दिसतं ना, ती नुसती पडवी. वास घेणारी जागा आत, छताला, दोन डोळ्यांच्या मधोमध." ती जागा केवढी? तर जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. पिवळसर, ओलं अस्तर. आपण साधा श्वास घेतो तेव्हा बहुतेक हवा खालून परस्पर फुप्फुसात निघून जाते, थोडीशीच वर छतापर्यंत चढते. म्हणून तर माणूस मुद्दाम हुंगतो. मी थक्क झालो. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्याची इज्जत सांभाळली ते नाक म्हणजे नुसती कूर्चा! उद्या ते खरोखर कापलं गेलं, तरी वास घेणारं अस्तर आत सुखरूप.

त्या तिकिटावर लाखो चेतापेशी बसलेल्या असतात. शरीरातल्या बाकीच्या चेतापेशी कशा कातडीआड, हाडांआड, पडदानशीन असतात. यांची बारीक केसाळ टोकं मात्र थेट शेंबडात लोंबकळत असतात. (बाई 'श्लेष्म' म्हणाल्या. मला कळलं.) गंधाचे रेणू त्या ओलाव्यात विरघळले की केसांवरच्या ग्राहींना, म्हणजे रेणू पकडणाऱ्या कुलपांना, चिकटतात, आणि पेशी मेंदूला वर्दी देते. माणसाकडे असे सुमारे 400 प्रकारचे ग्राही आहेत आणि एका पेशीच्या वाट्याला त्यातला साधारण एकच प्रकार. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी या ग्राहींची जनुकं 1991 साली शोधली आणि 2004 साली त्यांना नोबेल मिळालं. दोघांना नोबेल मिळालेलं खातं माझ्याकडे बंद पडलं होतं.

"पण या पेशी पुन्हा उगवतात," बाई म्हणाल्या. उघड्यावर राहायचं म्हणजे मरणंही आलंच, म्हणून तळाशी मूळपेशी राखीव ठेवलेल्या असतात आणि त्या नवी भरती करत राहतात. नव्या पेशीने चाळणीसारख्या हाडाच्या भोकातून आपला तंतू वर मेंदूत घालायचा आणि आपल्या जातीच्या बाकीच्या तंतूंसोबत नेमक्या ठिकाणी जोडून घ्यायचा. सुई ओवताना मला तीनदा चष्मा पुसावा लागतो. माझ्याच नाकातली पेशी हे अंधारात करणार होती.

तोवर मी काय करायचं? तर हुंगायचं. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांच्या चमूने 2009 साली दाखवलं, की गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे हुंगणाऱ्यांची घ्राणशक्ती न हुंगणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. झालं. सकाळ-संध्याकाळ चार बाटल्या घेऊन मी डोळे मिटून बसू लागलो. गुलाब: काही नाही. लिंबू: काही नाही. लवंग: काही नाही. एखाद्या रिकाम्या देवळात घंटा वाजवत बसावं तसं.

पण निलगिरी! पहिल्याच दिवशी नाकात थंड झणका बसला. मी विजयाने बाईंना फोन केला. त्यांनी दोन वाक्यांत हवा काढली. तो वास नव्हताच, ती झोंब. मेंदूतून निघणारी पहिली नस वासाची, ती संपावर. झोंबणं, थंडावा, जळजळ यांची खबर पाचवी नस नेते आणि ती इमानाने कामावर होती. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते तिच्याचमुळे. थोडक्यात, वास गेला तरी नाकाने कांदे सोलायची माझी सोय शाबूत होती.

जेवणाचं विचारू नका. खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी (मशरूम-टोमॅटोतली मांसल चव) एवढंच जिभेचं भांडवल. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते घास चावताना घशामागून वर चढणारे वासच. त्यामुळे माझ्या ताटात दोनच पदार्थ उरले, खारट ओला पुठ्ठा आणि गोड ओला पुठ्ठा. बायको मात्र खूश. एवढ्या वर्षांत जेवताना पहिल्यांदाच मी नाक मुरडत नव्हतो.

नवव्या आठवड्यात एका सकाळी कप तोंडाशी नेला आणि दचकलो. "अगं, कॉफीला जळक्या रबराचा वास येतोय!" आनंदाने माझा आवाज चिरकला. बायकोने माझा कप घेतला, एक घोट प्यायली. "चांगली झालीय की. आणि मला काय सांगताय? तुम्हीच केलीय."

बाईंना फोन केला तर त्या माझ्याहून खूश. वास परत येताना असा वाकडा येणं हे पेशी जाग्या होत असल्याचं लक्षण, म्हणाल्या; नवे तंतू अजून नीट जुळलेले नसतात, म्हणून असं होतं असं मानतात. किती दिवस चालेल? काही आठवडे, काही महिने, धीर धरा.

बाटल्या चालू आहेत. गुलाब अजून गप्प आहे, लवंगेच्या बाटलीत काल काहीतरी हलल्यासारखं वाटलं. आणि सध्या मी रोज दोन कप जळकं रबर पितो, बिनसाखरेचं.