पाटी मालकाची, वीज भाडेकरूची

पुण्या-मुंबईतल्या ऑफिस इमारतींवरच्या ग्रीन बिल्डिंग प्रमाणपत्राच्या गोल्ड-प्लॅटिनम पाट्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: हे सगळं जादा एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करता यावं म्हणून. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (ती मुंबई शहराला लागू नाही) सिल्व्हरला ३, गोल्डला ५ आणि प्लॅटिनमला ७ टक्के वाढीव एफएसआय आहे, हे खरंच. पण तेवढ्यावर थांबलं तर मूळ दुखणं राहून जातं. दहा भाडेकरूंच्या इमारतीत वीज नेमकी कुणी जाळली, हे सांगता येत नाही.

इथे ऑस्ट्रेलियात इमारतींच्या ऊर्जावापराला तारे देणारी 'नेबर्स' पद्धत सुरुवातच मीटरपासून करते. मूळ इमारतीचे तारे वेगळे, भाडेकरूच्या जागेचे वेगळे. मध्यवर्ती एसी, लिफ्ट, लॉबीचे दिवे मालकाच्या खात्यात. ऑफिसातले दिवे आणि संगणक भाडेकरूच्या. तारे ड्रॉइंगवरून मिळत नाहीत, १२ महिन्यांच्या रीडिंगवरून मिळतात आणि वर्षभरच चालतात. हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं ऑफिस भाड्याने द्यायचं तर जाहिरातीत ते छापावे लागतात. भाडेकरूचं रेटिंग मात्र ऐच्छिक ठेवलंय. ही मला इथली मोठी उणीव वाटते.

आपल्याकडे बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं) ऑफिस इमारतींसाठीचं स्टार लेबल २००९ पासून आहे, तेही प्रत्यक्ष वापरावर. पण ते ऐच्छिक, आणि अख्ख्या इमारतीला एकच आकडा. एका मजल्यावर तीन पाळ्या सुरू झाल्या की बाकी नऊ जणांची काटकसर त्यात बुडाली.

प्रत्येक भाडेकरूला वेगळे सबमीटर बसवले म्हणजे काम झालं, असंही नाही. मजल्याच्या इलेक्ट्रिकल रूममध्ये डोकावून बघा. सीटी (मोठा करंट मीटरला झेपेल इतका कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) २००/५ चा आणि मीटरचं सेटिंग १००/५ असेल तर रीडिंग निम्मंच येतं. तीनपैकी एक सीटी उलटा बसला, तर तिन्ही फेजवर सारखा लोड असताना एक तृतीयांशच नोंद होते. एएचयू (मजल्यावर थंड हवा खेळवणारं मध्यवर्ती एसीचं यंत्र) भाडेकरूच्या डीबीवर, म्हणजे त्याच्या वीज वितरण पेटीवर, जोडला गेला असेल, तर मालकाचा आकडा फुकटात सुधारतो. म्हणून ताबा देण्याआधी एकेक ब्रेकर पाडून कुठलं मीटर थांबतं ते बघायचं, आणि दर महिन्याला सबमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी ताडायची.

बरीच वीज वाया जाते ती रात्री. एका सर्व्हर रूमला २० टन थंडावा हवा, म्हणून ५०० टनांचा चिलर (अख्ख्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), पंप आणि कूलिंग टॉवर सगळंच चालू. त्यासाठी लहान चिलर किंवा वेगळी कंडेन्सर वॉटर लाइन (सर्व्हर रूमच्या स्वतंत्र एसीची उष्णता वाहून नेणारी पाण्याची लाइन) आधीच टाकायला हवी. मजल्याच्या चिल्ड वॉटर लाइनवर बीटीयू मीटर (मजल्याने किती थंडावा घेतला ते मोजणारा) हवा, आणि त्याचे तापमानाचे दोन्ही सेन्सर पाइपच्या आत पॉकेटमध्ये. बाहेरून पट्टीने बांधलेले चालणार नाहीत.

आणि एसीचा खर्च कॅम चार्जमध्ये (सामायिक देखभाल शुल्कात) चौरस फुटावर वाटणं बंद करा. त्यात वीज वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही. लीजवर सही होण्याआधीच बीटीयूचा दर, कामाच्या वेळेनंतरच्या एसीचा तासाचा दर, दिव्यांसाठी चौरस मीटरमागे वॅटची मर्यादा आणि महिन्याचं रीडिंग एकमेकांना देण्याची अट लिहून घ्या. फिट-आऊट, म्हणजे भाडेकरूचं आतलं काम, झाल्यावर यातलं एकही कलम कुणी मान्य करत नाही.