बोब्लिंगनला गाडी संपवायची आणि म्हणायचं वेळापत्रक सावरलं!

किर्शहाइम, प्लोखिंगन, एसलिंगन, स्टुटगार्ट, बोब्लिंगन, हेरेनबर्ग. नकाशावर जर्मनीतल्या स्टुटगार्टची ही एस-1 लोकल इतकी सोयीची दिसते की पुण्याहून बदलीवर आलेला माणूस बोब्लिंगनच्या नोकरीसाठी बिनधास्त एसलिंगनला घर घेतो. भाडेकरारावर सही करण्याआधी ही लाइन कशी चालते ते त्याला कुणीतरी सांगायला हवं.

सगळं दुखणं स्टुटगार्टच्या बोगद्यात आहे. मुख्य स्थानकापासून श्वाबश्ट्रासेपर्यंत दोनच ट्रॅक, एक जायला, एक यायला. एस-1 ते एस-6 सगळ्या त्यातूनच जातात, गर्दीच्या वेळी दर अडीच मिनिटांना एक. बोगद्यातल्या श्टाटमिटे स्थानकावर एक गाडी अर्ध्या मिनिटाऐवजी दीड मिनिट थांबली की मागची बोगद्यात खोळंबते आणि तिच्या मागची बोगद्याबाहेर कानश्टाट स्थानकावर. दुसऱ्याच लाइनवरच्या बाकनांगकडच्या गाडीचा घोळ हेरेनबर्गच्या माणसाने का भोगायचा?

आणि गाडी जास्त वेळ थांबते का, तर आखूड गाडी पाठवतात म्हणून! इथे धावणाऱ्या ईटी 430 गाडीचं एक युनिट साधारण 68 मीटरचं. तीन जोडली की पूर्ण लांबीची गाडी होते. युनिट कमी पडली की ऐन गर्दीत एकच येतं आणि बोर्डावर ‘कुर्त्सत्सुग’ म्हणजे ‘आखूड गाडी’ झळकतं. मग टोकाला उभे असलेले सगळे बॅगा, बाबागाड्या सावरत मधल्या भागाकडे पळत सुटतात. तिप्पट माणसं मोजक्या दारांतून आत घुसणार, कुणाचा तरी पाय मध्ये येणार, दार पुन्हा उघडणार. एवढ्यात बोगदा तुंबलेला असतो.

2021 च्या उन्हाळ्यात हाच बोगदा सहा आठवडे बंद ठेवून नवे रूळ टाकले. लोकांनी बदली बसचे हाल निमूट सोसले. आणि शरदात काय, तर चाकं भलतीच झिजायला लागली म्हणून फेऱ्या कमी! रूळ आणि चाक यांचा मेळ बसतो का, हे आधी तपासायचं नसतं?

सर्वांत संतापजनक प्रकार म्हणजे अर्ध्यातून परत फिरवणं. गाडीला उशीर झाला की ती बोब्लिंगनलाच संपवतात, म्हणजे परतीची फेरी वेळेवर सुटते. त्यापलीकडच्या एनिंगन, गेर्ट्रिंगन, नुफ्रिंगनच्या लोकांनी मात्र फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघायची. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या आकड्यात रद्द झालेली गाडी धरतच नाहीत आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नाही. मग आकडे चांगले दिसणारच!

भरपाई? डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर लोकल आणि रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, मे 2023 मध्ये 49 युरोला आलं, जानेवारी 2025 पासून 58 झालं, जानेवारी 2026 पासून 63. मुक्कामाला 60 मिनिटं उशिरा पोचलात तर दीड युरो मिळतो, आणि चार युरोंच्या खालची रक्कम देतच नाहीत. म्हणजे तासाभराचा उशीर किमान तीनदा व्हायला हवा, तेव्हा कुठे साडेचार युरो. 15 मिनिटांनी धावणाऱ्या लाइनवर लागोपाठ दोन गाड्या रद्द झाल्या तरी अर्धाच तास जातो, त्याचा छदामही नाही. रोजचा त्रास नेमका याच अर्ध्या तासाचा असतो!

बोगदा तुंबलाय असं कळलं तर गाडीत बसून राहू नका. हेरेनबर्गकडून येत असाल तर बोगद्याच्या आधीच्या फाइहिंगनला उतरून यू-1 ही शहरातली ट्राम धरा. ती हेस्लाखमार्गे शहरात आणि पुढे कानश्टाटला जाते. जास्त वेळ लागतो, पण तिला हा बोगदा लागत नाही. एसलिंगन किंवा प्लोखिंगनहून निघत असाल तर रीजनल गाडी पकडा, तिकीट तेच चालतं.

आणि गाडी बोब्लिंगनला संपवायचीच असेल तर ठरल्या क्षणी सांगा. फाइहिंगनच्या पुढचं रोर स्थानक सुटल्यावर घोषणा केलीत तर माणूस करणार काय? फाइहिंगनच्या आधी कळलं तर घरी फोन करता येतो, कुणाला तरी कार घेऊन बोब्लिंगनला बोलावता येतं. त्याला ना नवे रूळ लागतात, ना नवा बोगदा.