गोव्याचा कायदा आणि काकांचा फ्लॅट

मुंबईत कायदा शिकताना दिवाणी म्हणजे जे फौजदारी नाही ते, एवढीच आमची समजूत होती. लिस्बनला आल्यावर कळले की येथे त्या शब्दाने एक संपूर्ण परंपरा ओळखली जाते, जिच्यात वकिलाचा हात आधी संहितेकडे, म्हणजे कलमांच्या एकत्रित ग्रंथाकडे जातो आणि मग निवाड्यांकडे. माझ्या पहिल्या निबंधात अकरा निवाडे होते आणि कलम एकच. प्राध्यापकांनी समासात फक्त ‘आणि कायदा काय म्हणतो?’ एवढेच लिहिले होते.

समान नागरी कायद्यावरच्या घरच्या चर्चेला मी आता हाच प्रश्न विचारू लागलो आहे. दादरला जेवणाच्या ताटावर हा विषय निघाला की कोणत्या धर्माला काय सोडावे लागेल याचा हिशेब होतो, संहितेत काय असावे याचा होत नाही, आणि दाखला हमखास गोव्याचा दिला जातो. गोव्यात आलेली पोर्तुगीज दिवाणी संहिता १८६७ची. पोर्तुगालने १९६६ साली नवी केली, पण गोवा त्याआधीच, १९६१ मध्ये मुक्त झाला होता. त्यामुळे येथे जी इतिहासजमा झाली ती तिकडे चालू राहिली. (आणि ‘समान’ म्हणाल, तर १८८० च्या फर्मानाने तेथील हिंदूंच्या काही चालीरीतींना वेगळी सूट दिली होतीच.)

त्या जुन्या संहितेतील वारसाहक्काचे नियम गोव्याने २०१२ च्या कायद्यात नव्याने मांडले, तरी मुख्य तत्त्व टिकले: मुले असतील तर मृत्युपत्राने अर्धीच मिळकत मनाप्रमाणे देता येते. अधिवास (कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर) गोव्याचा असेल, तर मुंबईतल्या मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. म्हणजे एकाच मजल्यावर माझे काका हिंदू कायद्याखाली स्वकष्टार्जित फ्लॅट वाटेल त्याला देऊ शकतात, शेजारच्या गोवेकराला मात्र मुलांचा अर्धा वाटा बाजूला ठेवावा लागतो. मुस्लीम कायद्यातही वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्याचे अनुकरण खरोखर झालेच, तर हात बांधले जातील ते हिंदू बापाचे, आणि माझ्या मते ते बांधले जावेत.

गोव्याचा आग्रह आमच्याकडे सर्वांत जास्त काकांचा. फोनवर त्यांना हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अर्धंच? मग गोव्याचं राहू दे. आपण आपला वेगळा करू.”