दोन मुलींची थरारकथा लिहिताय? आधी एकीला मारा

नवोदित लेखकमंडळींनो, दोन मुलींच्या प्रेमाची एखादी थरारक कादंबरी तुमच्या डोक्यात घोळत असेल, तर अभिनंदन. मी नुकतीच त्या रस्त्यावर तोंडावर आपटून आले आहे. गेल्या मंगळवारी एका संपादकांनी मला फोनवर पाऊण तास मार्गदर्शन केलं. एवढं ज्ञान एकटीनं पचवणं जड जातंय, म्हणून वाटून टाकते.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईतलं चित्रकलेचं कॉलेज. शेवटच्या वर्षाची रेवा आपल्या वर्गातल्या जुईचीच चित्रं काढत सुटते. जुईचा कान, जुईची मान, लोकलच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली जुई. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. पण हळूहळू रेवाला खऱ्या जुईपेक्षा कॅनव्हासवरची जुई बरी वाटायला लागते, कारण ती उलटून बोलत नाही, उशिरा येत नाही, दुसऱ्या कुणाशी हसत नाही. मग एका सोमवारी जुई नाहीशी होते. स्टुडिओत उरतं तिचं पोर्ट्रेट. त्यातला तपकिरी अंबर खडखडीत वाळलाय, केसांमधला काळा मात्र अजून बोटाला लागतो. तैलरंगांत अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक कितीतरी दिवस चिकट राहतो. पोलीस बोटाला लागलेला काळा बघून म्हणतात, चित्र कालच काढलंय. रंगांची जात ओळखणाऱ्या एका निवृत्त मास्तरीणबाई म्हणतात, छे. सगळी गोष्ट या एका ओल्या काळ्यावर फिरते. त्यासाठी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत रंगांचे फटकारे वाळत घालून रोज बोट लावून बघितलं आहे. भाजीला टर्पेंटाइनचा वास आला म्हणून घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

संपादकांनी त्या काळ्या रंगाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. ‘मीपण इंटरमिजिएट दिलीय हो, बी ग्रेड,’ एवढं सांगून त्यांनी कलेचा विषय संपवला.

तर आता सूचना.

एकीचा मुलगा करा. ‘रेवाचा रोहन करून बघा की ताई, गोष्ट तीच राहते.’

त्या गोष्टीला नाव देऊ नका. ‘तसलं’ म्हणा. ‘आमचा काही विरोध नाही, पण तसलं घरात मुलं वाचतात.’ ही मुलं म्हणजे सोळा ते वीस वयाची. त्यांच्या फोनमध्ये काय काय असतं हे यांना माहीत नसावं, आणि माझ्याकडून कळू नये.

प्रेमाला मैत्री म्हणा. हे सगळ्यांत सोपं, आणि त्याला परंपराही आहे. फ्रान्समध्ये रोझा बोनर नावाची चित्रकार होऊन गेली, १८२२ ते १८९९. घोड्यांच्या बाजाराचं तिचं पाच मीटर रुंद चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पॅन्ट घालायला तिला पोलिसांचा परवाना काढावा लागला होता. ही बाई नाताली मिकासबरोबर कित्येक दशकं एका घरात राहिली, नाताली गेल्यावर शेवटी ॲना क्लम्पकेबरोबर राहिली, सगळी मालमत्ता ॲनाच्या नावे करून गेली, आणि आता तिघी पॅरिसच्या पेर-लाशेजमध्ये एकाच थडग्यात आहेत. जिवलग मैत्रिणी! माझ्या संहितेतही संपादकांनी पेन्सिलीनं हीच साफसफाई करून दिली आहे. ‘ओठ’ खोडून ‘हात’. ‘रेवा तिच्याकडे बघत राहिली’ यापुढे समासात प्रश्न आहे, ‘किती वेळ?’ आणि जिथे जुई रेवाच्या बोटांवरचा रंग आपल्या ओढणीनं पुसते, तिथे ‘मैत्रीण म्हणून?’ अहो, मैत्रीण म्हणून कोण कोऱ्या ओढणीला तैलरंग पुसतं? तो निघत नाही. बी ग्रेडवाल्याला एवढं तरी माहीत असावं.

मुखपृष्ठावर गुलाब टाका. चालतो.

आता मुख्य सूचना, शीर्षकातली. एकीला मारा. दोघी मेल्या तर उत्तमच, पण बजेट कमी असेल तर एक मेली आणि दुसरीला वेड लागलं तरी भागतं. ‘वाचकाला न्याय झाल्यासारखं वाटतं,’ असं मला सांगण्यात आलं. मी विचारलं, ‘सर, गुन्हा कोणता?’ तर फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींची सुमित्रा, म्हणजे मित्रा, शेवटी जिवाला मुकते. त्या काळी मराठी प्रेक्षकासमोर अशी मुलगी उभी करणं हीच छातीची गोष्ट होती, आणि मित्राच्या जिवावर कोण उठलंय हे त्या नाटकात स्पष्ट दिसतं. आपण त्यातून काय उचललं? फक्त मरण. १९९८ मध्ये दोन जावांच्या प्रेमाच्या ‘फायर’ सिनेमावरून मुंबईत थिएटरांच्या काचा फुटल्या. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सज्ञान माणसांचं असं प्रेम गुन्हा नव्हे. आमच्या संपादकांना तो निकाल अजून मिळाला नसावा, टपाल हल्ली फार उशिरा येतं.

आणि रेवाला वेडी करा म्हणताना त्यांनी कारण काय द्यावं? ‘एका मुलीनं मुलीच्या मागे एवढं लागणं म्हणजे विकृती वाटते हो.’ बरोबर. मुलगा मागे लागला की ते प्रेम! तो तिच्या क्लासबाहेर रोज उभा राहतो, तिचा नंबर शोधून काढतो, हातावर ब्लेडनं नाव कोरतो, ती नाही म्हणाली की आणखी चेकाळतो, आणि इंटरव्हलनंतर तिच्या बापाचं मन वळतं. सर, तुमच्याच दिवाळी अंकात अशा तीन कथा छापल्यात, मी विकत घेऊन वाचल्यात. तिथे नाही कुणी समासात लिहिलं, ‘किती वेळ?’

आता ऐका, सूचना पुरे झाल्या. माझ्या कादंबरीत भीती वाटायला हवी ती रेवाच्या हावेची. जिवंत माणसाला चौकटीत ठोकून ठेवायची हाव. ती रोहनमध्ये असती तरी तितकीच घाण असती. तुम्ही ती दोनशे साठ पानांत बघितलीच नाही, कारण दोघी मुली आहेत म्हटल्यावर तुमची नजर तिथेच अडकली. ‘वाचक तयार नाही’ म्हणता, वाचकाला विचारलंय कधी? तयार तुम्ही नाही आहात. आणि लाज त्या दोघींच्या प्रेमाची वाटत नाही मला, तुमची वाटते. गावात कुठल्यातरी वाचनालयाच्या कपाटामागे एखादी सतरा वर्षांची पोरगी असलं पुस्तक शोधत बसलेली असते, आणि तिच्या हाती तुम्ही दरवेळी एक प्रेत देता. वर त्याला न्याय म्हणता.

संहिता कुरिअरनं परत पाठवा, पैसे मी भरते. पेन्सिलीच्या खुणा राहू द्यात, खोडरबर आहे माझ्याकडे. जुई मरणार नाही. ती त्या सोमवारी आपल्या पायांनी निघून गेली आहे, रत्नागिरीला मावशीकडे. तिथे ती शाळेच्या पोरांना एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी स्थिरचित्र शिकवते, आणि शेवटच्या पानावर शेजारच्या पोस्टातल्या मुलीबरोबर पावसात भजी खाते. दोघी मैत्रिणी नाहीत.

समासात लिहून ठेवा हवं तर.