त्या रगताकच काय ता झाला आसतला

जर्मनीत जूनमधली पहाट, साडेपाच. देवगडात तेव्हा नऊ वाजले होते. चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा रक्ताचा रिपोर्ट पाठवला होता आणि खाली एकच ओळ लिहिली होती: ‘डॉक्टर बांबोळीक न्या म्हणतत.’

रिपोर्ट देखणा होता. वर रंगीत लोगो, कोपऱ्यात क्यूआर कोड, खाली पॅथॉलॉजिस्टची सही. मधोमध लाल ठळक अक्षरांत पोटॅशियम ६.४. पाच-सव्वापाचच्या वर हा आकडा गेला की डॉक्टर खुर्चीत सरळ बसतात. सहाच्या वर हृदयाचा ठोका चुकायची भीती असते. त्यात आईला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे, आणि त्या गोळीनेही पोटॅशियम वाढू शकतं. म्हणजे डॉक्टरांचं काहीच चुकलं नाही. भर पावसात गाडी ठरली, माणसं जमली, आईला घेऊन मंडळी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे निघाली. गाडीत बसताना ती म्हणाली, “माका काय एक जावक नाय. त्या रगताकच काय ता झाला आसतला.”

बांबोळीला ईसीजी नॉर्मल निघाला. पुन्हा काढलेल्या रक्तात पोटॅशियम ४.३. सातवी पास बाईचं निदान बरोबर ठरलं.

झालं होतं ते असं. रक्त आदल्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर काढलं. तिथे रक्त फिरवून सीरम, म्हणजे पेशींवाचूनचं पिवळं पाणी, वेगळं करायचं सेंट्रिफ्यूज आहे, पण वीज नव्हती. म्हणून नळी तशीच बर्फाच्या पेटीत ठेवली. संध्याकाळच्या गाडीने ती फोंडाघाट चढून कोल्हापूरला पोचली, तेव्हा रात्र झाली होती. रक्तपेशींच्या आत पोटॅशियम खूप असतं आणि बाहेर थोडं. हा फरक टिकवणारा पेशींचा पंप थंडीत मंदावतो, आणि आतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. तीच नळी उन्हात राहिली असती तर साखर घटली असती, कारण पेशी नळीतही साखर खात राहतात, तासाला साधारण पाच-सात टक्के. मासळी बर्फात ठेवली की टिकते, म्हणून रक्तही टिकेल असं ज्याला वाटलं त्याला मी हसणार नाही. आमच्या बंदरावर वाढलेल्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

मला टोचली ती वेगळी गोष्ट. त्या लॅबचं अ‍ॅप आहे. त्यात ‘सॅम्पल घेतलं’ आणि ‘रिपोर्ट तयार’ अशा दोन हिरव्या खुणा होत्या. मधल्या चौदा तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

मी गेली नऊ वर्षं जर्मनीत लाइपझिगच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. त्यामुळे वाडीच्या ग्रुपवर दवाखान्याचा विषय निघाला की ‘तुमच्याकडे कसं असतं गो’ हा प्रश्न ठरलेला. माझ्या उत्तराने सगळ्यांचा विरस होतो, कारण आमच्याकडे फॅक्स असतो. २०२०मध्ये करोना भरात असताना इथल्या लॅब पॉझिटिव्ह निकाल आरोग्य कार्यालयांना फॅक्सने कळवत होत्या आणि तिथे कुणीतरी ते आकडे पुन्हा टाइप करत होतं. प्रत्येक विमाधारकासाठी इलेक्ट्रॉनिक आरोग्यवही २०२१पासून मागितल्यावर मिळायची, पण मागायला फारसं कुणी गेलं नाही. मग २०२५मध्ये सरकारने उलटं केलं. वही सर्वांची आपोआप उघडणार, नको असेल त्याने तसं कळवायचं. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर २०२४मध्ये, ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या संगणक-जाणकारांच्या संघटनेने तिच्यात शिरायच्या वाटा भर परिषदेत दाखवून दिल्या होत्या. आणि लॅबचा रिपोर्ट त्या वहीत जातो तो बहुतेक पीडीएफ म्हणूनच, म्हणजे माझ्या चुलतभावाने पाठवला तसाच.

एककांची तर गंमतच आहे. पश्चिम जर्मनीत साखर आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये मोजतात, आमच्याकडे पूर्वेला मिलिमोलमध्ये. तिकडची १२६ म्हणजे इकडची ७. बर्लिनची भिंत १९८९मध्ये पडली, रक्तातली अजून उभी आहे.

रिपोर्ट पोचवण्यात जर्मनी देवगडच्या मागेच आहे, हे मी बिनदिक्कत कबूल करते. आईचा रिपोर्ट तयार होताच मिनिटभरात तीन खंडांत पोचला होता. पण लॅबच्या दाराच्या आत चित्र पालटतं. नळीवर बारकोड लागतो तो रक्त काढताना, पेशंटच्या समोर. ती कधी भरली, कधी आमच्या दारात आली, कधी फिरवली, कुठल्या मशीनवर चढली, सगळं नोंदवलं जातं. पेशी फुटून सीरम लालसर झालं असेल तर मशीन तो लालसरपणा मोजतं आणि हद्दीबाहेर गेला की पोटॅशियमचा निकाल अडवून धरतं. मागच्या वेळचा आकडा आणि आजचा यांत फार तफावत असेल तर निकाल माणसासमोर येतो. एक खोच मात्र सांगितलीच पाहिजे: थंडीने झिरपलेलं पोटॅशियम लालसर नसतं. सीरम स्वच्छ पिवळं दिसतं. लाखो युरोंचं मशीनही तिथे फसतं. ते पकडायला रक्त काढल्याची वेळ लागते, आणि ती वेळ कुणीतरी माणसाने खरी लिहिलेली असावी लागते.

ग्रुपवर मात्र वाद दुसराच पेटला होता. आईच्या प्रकरणाचं निमित्त झालं आणि अर्धी वाडी म्हणाली, ही तालुक्यातली छोटी दुकानं बंद करा, मोठ्या कंपन्यांना येऊ द्या. उरलेले म्हणाले, मग मलेरियाचा थेंब बघायला कोल्हापूर गाठायचं काय? एकाने डिसेंबर २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं त्यात म्हटलं आहे. मग डीएमएलटी ही लॅब-तंत्रज्ञाची पदविका झालेल्या, तीस-तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर डोळे झिजवलेल्या माणसांचं काय, यावर रात्री बारापर्यंत खडाजंगी झाली. माझ्या घड्याळात तेव्हा साडेआठच वाजले होते, म्हणून सगळं वाचलं.

मी छोट्या लॅबच्या बाजूची आहे. भावनेपोटी नव्हे. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) दिवसांत, लावणी उरकून ताप घेऊन आलेल्या माणसाच्या प्लेटलेट आणि क्रिएटिनिन दोन तासांत कळणं हे उद्या सकाळी मिळणाऱ्या चाळीस तपासण्यांच्या पॅकेजपेक्षा मोलाचं आहे. आणि आईचं रक्त बिघडलं ते छोट्या लॅबमुळे नव्हे, नळी मोठ्या लॅबकडे चालली होती म्हणून. पण या छोट्या लॅबचे लाड मला करायचे नाहीत. रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनमधून निघालेली थर्मल कागदाची चिठ्ठी बघून आकडे हाताने टाइप करायचे, आणि खाली वर्षभरापूर्वी स्कॅन केलेली सही चिकटवायची, हे मी रत्नागिरीत शिकाऊ असताना स्वतः केलं आहे. १.२चं १२ व्हायला एक डुलकी पुरते.

सही लांबून झाली म्हणून मला काही वाटत नाही. इथले लॅबडॉक्टरही घरी बसून निकाल सोडतात. पण कुठला रिपोर्ट कुणी किती वाजता उघडला, कुठला अडवला, काय बदललं, याची नोंद प्रणालीत राहते आणि ती पुसता येत नाही. आपल्याकडे सहीचं चित्र असतं, सही करणाऱ्याने रिपोर्ट पाहिला की नाही हे कळायला वाव नसतो. सावंतवाडीतल्या स्लाइडचा फोटो कोल्हापूरच्या डॉक्टरने खरोखर बघितला आणि त्याची नोंद राहिली, तर तालुक्याची लॅबही जगेल आणि कायदाही पाळला जाईल. यासाठी रॉकेट लागत नाही. मशीनमधून आकडे थेट संगणकात घेणारी एक वायर आणि त्यामागचं बरं सॉफ्टवेअर लागतं. ते घ्यायला पैसे कुणाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर ग्रुपवर कुणीच बोललं नाही.

आता ‘आभा’ या सरकारी आरोग्य क्रमांकाचं. सप्टेंबर २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, तेव्हापासून चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढून द्यायची धावपळ गावोगाव चालू आहे. मी त्याची चेष्टा करत नाही. आमच्या वाडीत नाव, बापाचं नाव आणि आडनाव तिन्ही एकच असलेले दोन म्हातारे आहेत. एकाला मधुमेह, दुसऱ्याला नाही. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फायलीत जाऊन गोळी दुप्पट झालेली मी पाहिली आहे. त्या दोघांसाठी चौदा आकडे हा देवाचा आशीर्वाद. पण घरात मोबाइल एकच, आणि तो मुलाच्या खिशात. सुनेच्या गर्भारपणाची तपासणी असो की आणखी कसली, निकाल आधी त्या खिशात पडतो. संमती म्हणून जो ओटीपी मागतात, तो ‘सांग गो नंबर’ म्हणत काउंटरवर मोठ्याने वाचला जातो. रांगेतल्या दहा जणांना पाठ होतो.

सगळं संगणकात गेलं की काम फत्ते, असंही कुणी समजू नये. चिपळूणला २२ जुलै २०२१च्या पुरात कागद भिजले, तसे दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर २३ नोव्हेंबर २०२२ला सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस वही-पेनावर चाललं. लंडनमध्ये जून २०२४ला एका लॅबसेवेवर तसाच हल्ला झाला, तर रक्त जुळवणं अवघड होऊन ‘ओ’ गटाच्या दात्यांना साद घालावी लागली. निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपल्या लोकांना सांगायला नको. कार्बन कॉपीचं पुस्तक ड्रॉवरमध्ये राहू दे.

तरीही एका गोष्टीसाठी मला हे सगळं लवकर हवं आहे. २०१६मध्ये दोडामार्गात माकडताप आला. तो गोचिडीमुळे होतो, आणि काजूच्या बागेत कुठल्या बाजूला माकडं मरून पडली त्यावरून पुढचे तापाचे पेशंट कुठून येणार हे सांगता येतं. तशीच गोष्ट लेप्टोची, फक्त तिथे गोचिडीच्या जागी शेतातलं पाणी. दोन्हींत पत्ता महत्त्वाचा, आणि आपल्याकडे पत्ता म्हणजे वाडी. खाजगी लॅबच्या फॉर्मवर वाडीचा रकाना नसतो. ‘मु. पो.’ आणि पिनकोड. एका पिनकोडात दहा गावं. दहा लॅबमध्ये एकेक पेशंट पॉझिटिव्ह आला, तर दहाही जणांना तो सुटा पेशंट वाटणार. सीरममधल्या पोटॅशियमला जगभर चालणारा सांकेतिक क्रमांक आहे, २८२३-३. अमेरिकेत इंडियानापोलिसला १९९४पासून चाललेल्या ‘लॉइंक’ या पद्धतीतला तो आहे, आणि भारत सरकारच्या २०१६च्या मानकांतही लॉइंक आहे. पण माझ्या माहितीतल्या एकाही कोकणी वाडीला सॉफ्टवेअरमध्ये नाव नाही.

गणपतीला गावी गेले तेव्हा आईला तपासणीला घेऊन त्याच सेंटरवर गेले. वीज होती. पोरगं नवीन होतं, हात हलका. त्याने नळीवर स्टिकर लावला, अ‍ॅपवर बोट टेकवलं आणि नळी पेटीत ठेवायला वळला.

“थांब रे बाबू,” आई म्हणाली. “किती वाजले ता लिव आधी. आणि ता फिरवतास ता फिरव, मी हयच बसलंय.”