तो पोरगा माझ्याकडे कामाला नाही

नमस्कार साहेब,

गुरुवारी पंक्चरसाठी तुम्हाला अर्धा तास उभं राहावं लागलं, बसायला साधं स्टूल दिलं नाही. चुकलं माझं, माफी असावी. पण 38 वर्षांपासून नागपूरच्या महाल भागात सायकली दुरुस्त करतो, अन् तुम्ही एक स्टार देऊन फोटोसकट दुकानाच्या ऑनलाइन रिव्ह्यूत लिहिलेलं "म्हातारा गप्पा मारत बसतो, लहान पोराकडून काम करवून घेतो" हे ऐकून रात्री घास उतरला नाही. असं वाचल्यावर कोण येईल दुकानात?

वेळेचं म्हणाल तर ट्यूब घासून सोल्युशन लावलं की सुकू द्यावं लागतं. ओल्यावरच पॅच मारला तर नागपूरच्या उन्हात सुटतो. तुमच्या ट्यूबला दोन भोकं होती, पैसे एकाचेच घेतले. ते तुम्ही लिहिलं नाही. असो.

आता पोराचं. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. 1986 चा कायदा 2016 मध्ये आणखी कडक झाला, तेही ठाऊक आहे मला. हा सहावीत शिकतो. गेल्या वर्षी साताऱ्याकडून आला. वडील बाहेरगावी, आई ड्युटीवरून साडेसातला येते. वर्गातली पोरं "काऊन बे" म्हणतात, हा "का रे" म्हणतो, म्हणून हसायची त्याला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सारी पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत फिरत होती, अन् हा माझ्या पायरीवर एकटा. म्हणे, "आबा, आज काय आहे?" त्यांच्याकडे बैलांचा बेंदूर असतो, पोरांचा हा पोळा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. माझ्या मुलाचा जुना नंदी माळ्यावर होता. तो काढला, चाकांना तेल दिलं, दुकान ओढून घेतलं अन् त्याच्यासोबत चार घरं फिरलो. तेव्हापासून शाळा सुटली की तो येतो. घरी मीही एकटाच असतो, साहेब.

तुम्ही त्याच्या हातात पाहिली ती ट्यूब तुमची नव्हती, टाकून दिलेली होती. पाण्यातले बुडबुडे शोधायला त्याला आवडतं. पंप मात्र मारतो कधीकधी, हौसेनं. ते पाहिलं असेल तर नाही म्हणत नाही. अन् गप्पा म्हणता, त्या गणिताच्या होत्या. जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकात 32 आरे, मागच्यात 40, तर गुणोत्तर किती? तुमचं सोल्युशन सुकेपर्यंत त्यानं 4:5 काढलं. एक रुपया मी त्याला दिलेला नाही, कारण तो मजूर नाही. लिमलेटच्या गोळ्या देतो, त्या मोजायच्या असतील तर मोजा.

मला बारीक अक्षरं दिसत नाहीत. तुम्ही लिहिलेलं शुक्रवारी त्यानंच मला वाचून दाखवलं. मधेच थांबला, दप्तर उचललं अन् गेला. चार दिवस झाले, आला नाही. काल त्याची आई सांगून गेली, त्याला वाटते की त्याच्यामुळे आबांना पोलीस नेतील.

हे भाचीकडून लिहून घेतोय. स्टूल आणतो, दराची पाटी लावतो, आणखी जे लागेल ते करू. तुमचा एक स्टार राहू द्या. पण न विचारता काढलेल्या त्या फोटोत पोराचा चेहरा दिसतो. तेवढा फोटो आजच्या आज काढून टाका.