'डोळे झाकून जुनी जपानी व्हीएमसी घ्या' म्हणणाऱ्या मेसेजचा पंचनामा

एक मेसेज आहे जो भोसरी, शिरोली, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपमध्ये थोड्या थोड्या दिवसांनी परत येतोच. शब्द बदलतात पण मुद्दे तेच, की पहिली व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन, घेताय तर नव्या इंडियन मशीनच्या हप्त्यात अडकू नका, पंधरा-वीस वर्षं जुनी जपानी डोळे झाकून घ्या, तास कमी आहेत का तेवढं बघा, बॅकलॅश (दिशा बदलताना टेबल हलायच्या आधी जाणारी रिकामी चाल) असेल तर त्याचा आकडा कंट्रोलमध्ये, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकून द्या, स्पिंडलला (टूल धरून फिरवणारा भाग) आवाज नसला की स्पिंडल ओके, कंट्रोल फॅनुक कंपनीचा असला की विषय संपला, बेड मोठाच घ्या, आणि टोकन आजच टाका नाहीतर मशीन जाईल. सेकंडहँडला माझा विरोध नाही, पहिली मशीन बहुतेकांची सेकंडहँडच असते आणि असावी. पण ह्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य विकणाऱ्याच्या सोयीचं आहे, घेणाऱ्याच्या नाही.

जपानीपासून सुरू करू. जुन्या जपानी मशीनची कास्टिंग भारी असतात, बॉक्स वे (रुंद, सपाट सरकपट्ट्या) असेल तर हेवी कटला मजा येते, हे शंभर टक्के मान्य. पण कास्टिंग बंद पडत नाही हो, बंद पडतो एटीसीचा (आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेचा) कॅम, एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर), ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट), स्पिंडल. तो पार्ट बाहेरून मागवायचा म्हणजे मशीन उभी, हप्ता आणि पगार मात्र चालू. बीएफडब्ल्यू, एएमएस, ज्योती, एलएमडब्ल्यू ह्या भारतीय कंपन्यांच्या जुन्या मशीन पुणे-कोल्हापूर पट्ट्यात इतक्या आहेत की फोन केला तर ती मशीन उघडून बघितलेला माणूस सापडतो. अजून एक गोष्ट मेसेजवाले सांगत नाहीत, की जपानच्या निर्यात नियमांमुळे तिकडच्या काही कंपन्यांच्या मशीनमध्ये हलवल्याचं ओळखणारं डिव्हाइस असतं, मशीन जागेवरून उचलली की लॉक होते आणि कंपनीने उघडल्याशिवाय चालू होत नाही. त्यामुळे टोकनच्या आधी मॉडेल आणि सिरीयल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिसला विचारा. आणि थेट जपानमधून आलेली असेल तर ती 200 व्होल्टवाली असू शकते, आपल्याकडे 415, म्हणजे ट्रान्सफॉर्मर सोबत आहे का तेही बघा.

आता तास. फॅनुकवर पॉवर ऑनची वेळ 6750 नंबरच्या पॅरामीटरमध्ये (कंट्रोलच्या आतल्या सेटिंगमध्ये) मिनिटांत साठते, कटिंगची वेळ 6754 मध्ये. पॅरामीटर राइट चालू केला की हे दोन्ही आकडे बदलता येतात, बोर्ड बदलला किंवा मेमरी उडाली तरी मोजणी नव्याने सुरू होते. त्यापेक्षा साधा हिशोब करा. तीन शिफ्ट, वर्षाला 300 दिवस धरले तर 7200 तास होतात. मशीन 2008 ची, चाकणच्या प्रॉडक्शन लाइनवरून निघालेली आणि स्क्रीनवर 9000 तास, तर मग उरलेली वर्षं ती काय पूजेला ठेवली होती का? मला विचाराल तर तासांपेक्षा ती काय कापत होती हे महत्त्वाचं. कास्ट आयर्नची बारीक पावडर कूलंटमध्ये मिसळून स्लाइडमध्ये शिरते, आणि कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यातून आलेली मशीन असेल तर हे प्रकरण नक्की तपासा. टेलिस्कोपिक कव्हर काढायला लावा, वायपर बघा, खाली बॉलस्क्रूवर (नटमधून टेबल सरकवणारा आटेदार दांडा) बोट फिरवा, स्वच्छ तेल लागतंय की काळी खरखरीत पेस्ट. बाहेरचा नवा पेंट बघून खूश होऊ नका, तो तर गाडीत चढायच्या आधी मारतातच.

बॅकलॅशवाला मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण ऐकायला एकदम टेक्निकल वाटतो. कंट्रोलमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन असतं, बरोबर, फॅनुकला 1851. पण ते फक्त दिशा बदलताना तेवढे मायक्रॉन जास्त सरकवतं, नट घट्ट करत नाही. क्लाइंब कट मारताना (कटरचे दात जॉब सरकतो त्याच दिशेने कापतात, आणि कॅम सॉफ्टवेअरमधून येणारा बहुतेक प्रोग्राम असाच असतो) कटरच टेबलला ओढतो आणि नट-स्क्रूमध्ये ढिलाई असेल तर टेबल तेवढं खेचलं जातं, फिनिश खराब, इन्सर्ट तुटतात, आणि तुम्ही प्रोग्रामला शिव्या देत बसता. दुसरं म्हणजे स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही, व्हाइस कायम बेडच्या मधोमध असते म्हणून मधला भाग जास्त जातो, आणि कॉम्पेन्सेशनचा आकडा मात्र पूर्ण ॲक्सिसला एकच.

तेव्हा असं करा. आधी 1851 उघडून आत काय भरलंय ते वाचा, साधारण तो आकडा मायक्रॉनमध्ये असतो, पाच-दहा असेल तर ठीक, साठ-सत्तर असेल तर कोणीतरी आजार झाकलाय. मग मॅग्नेटिक स्टँडवर लिव्हर डायल (बारीक हालचाल मोजणारा काट्याचा गेज) लावा, टोक टेबलवर क्लॅम्प केलेल्या ठोकळ्याला टेकवा, हँडव्हीलने एक्स एकाच दिशेने थोडा पुढे घ्या, डायल शून्य करा, आणि उलट्या दिशेला दहा-दहा मायक्रॉनच्या क्लिक मारा. काटा हलायला किती क्लिक लागतात ते लिहून ठेवा. हे डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, तिन्ही ठिकाणी, मग वाय आणि झेडलाही. मध्ये 40 मायक्रॉन आणि टोकाला 10 आलं तर स्क्रू बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. त्यानंतर सर्व्हो चालू ठेवून टेबलला लाकडाचा ठोकळा लावून पहारीने हलकं रेटा, काटा दोन-चार मायक्रॉन हलून परत आला तर चालेल, गेला आणि तिथेच राहिला तर नाही. शेवटी ॲल्युमिनियमच्या तुकड्यात 100 मिमीचा गोल मारा आणि जिथे ॲक्सिस दिशा बदलतो त्या चार जागांवर नख फिरवा, पायरी लागली की सगळं कळतं.

स्पिंडलला आवाज नाही म्हणजे ओके, हे अर्धवट. थंड स्पिंडल दोन मिनिटं गप्प बसतोच, त्याला फुल आरपीएमवर अर्धा तास पळवा आणि मग थांबवून नाकाला हात लावून बघा. टेस्ट मँड्रेल (तपासणीचा सरळ दांडा) लावून रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डुलतो ते, घ्या, नाकाशी आणि 300 मिमीवर दोन्हीकडे. बीटी 40 टेपरला (होल्डर बसतो तो निमुळता भाग) निळा मार्किंग रंग लावून कॉन्टॅक्ट बघा. आणि ड्रॉबारची (होल्डरला आत ओढून धरणारा दांडा) ओढ गेजने मोजा, कारण आतल्या डिस्क स्प्रिंग थकल्या की होल्डर कटमध्ये सैल होतो आणि टेपर घासून जातो, आणि ते कानाला ऐकू येत नाही.

फॅनुक असणं चांगलंच, पार्ट आणि माणूस दोन्ही मिळतात. पण कुठला फॅनुक? जुन्या 0एम मॉडेलला मेमरी इतकी कमी की डाय-मोल्डचा प्रोग्राम सीरियल केबलने ड्रिप फीड करावा लागतो, म्हणजे चालता चालता थोडा थोडा पाठवावा लागतो, झिरो आय एमसी किंवा एमडी मॉडेल असेल तर मेमरी कार्डचा स्लॉट मिळतो. सगळे पॅरामीटर बॅटरीवरच्या मेमरीत असतात, मशीन गोडाऊनमध्ये बंद पडून राहिली आणि बॅटरी उतरली की कंट्रोल कोरा. जुन्या मशीनला पॅनलच्या दारात पॅरामीटरचा छापील कागद असतो, तो आहे का बघा, त्याचे फोटो काढा. रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेडची चाल जुळवून आटे पाडणं) प्रत्यक्ष चालवून बघा, 'ऑप्शन आहे साहेब' वर विश्वास नको.

बेड मोठाच घ्या? तुमचे जॉब हाताएवढे असतील तर कशाला. मोठ्या मशीनला जागा जास्त, महावितरणचा लोड जास्त, हायड्रा क्रेनचं भाडं जास्त, आणि गाळ्याच्या शटरमधून आत जाईल का हे आधी टेपने मोजा. वाचलेले पैसे होल्डर, कोलेट, व्हाइस, स्टॅबिलायझर आणि कंप्रेसरला लागणारच आहेत.

राहता राहिलं टोकन. पॉवर चालू असलेली मशीन, वरच्या सगळ्या टेस्ट, आणि गाडीत चढवायच्या आधी तुमच्यासमोर कार्डवर घेतलेला पूर्ण मेमरी बॅकअप, एवढं झाल्यावर टोकन. 'लाइट नाही, गोडाऊनला आहे, पण चालूच काढलेली आहे' असं कोणी म्हणालं तर त्या मशीनला चालू मशीनचा भाव लावू नका, वजनाचा लावा.